लेक्चरचे पैसे मिळतात, कॉपी वाचण्याचे नाहीत

६० विद्यार्थ्यांचा वर्ग आणि बातमीलेखनाचा पेपर, असं धरू. सत्रभरात प्रत्येकाकडून निदान ५ कॉप्या, म्हणजे स्वतः लिहिलेल्या बातम्यांचे मजकूर, लिहून घ्यायला हव्यात. त्याहून कमी लिहून हात बसत नाही. ४०० शब्दांची एक कॉपी नीट वाचायची, खुणा करायच्या, समासात दोन ओळी लिहायच्या, याला १० मिनिटं लागतात. ६० गुणिले ५ गुणिले १०, म्हणजे ३,००० मिनिटं. पन्नास तास. त्याच पेपरची लेक्चर्स ४८ असतील आणि प्रत्येक ४८ मिनिटांचं असेल, तर त्यांचे साडेअडतीस तासही पुरते भरत नाहीत.

म्हणजे या विषयात वर्गात उभं राहून बोलण्यापेक्षा टेबलाशी बसून वाचण्याचं काम मोठं आहे. मुंबईतल्या छोट्या महाविद्यालयांच्या मास मीडिया विभागांत हा पेपर सर्रास बाहेरून येणारे व्हिजिटिंग प्राध्यापक शिकवतात आणि त्यांना मानधन मिळतं ते लेक्चरवर. साडेअडतीस तासांचे पैसे ठरलेले आहेत. पन्नास तासांचे कुठेच लिहिलेले नाहीत. जे काम मोजलं जात नाही ते हळूहळू होईनासं होतं, आणि तसंच झालं आहे. तीन वर्षं माध्यमं शिकून पदवी घेणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या एकाही कॉपीवर कुणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पेन चालवलेलं नसतं. हा त्यांच्यावरचा अन्याय आहे, आणि तो शिक्षकांच्या आळसातून आलेला नाही. विभागाच्या रचनेतच तो आहे.

मुंबई विद्यापीठाचा बीएमएम, म्हणजे मास मीडियाचा पदवी अभ्यासक्रम या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि २०१९-२० पासून तो बीएएमएमसी या नावाने ओळखला जाऊ लागला. शहरभर, पुढे ठाणे-कल्याणपर्यंत, महाविद्यालयांनी तो घेतला, पण घेतला तो विनाअनुदानित तत्त्वावर. महाविद्यालयाच्या भाषेत ‘सेल्फ फायनान्स’. सरकारी वेतन अनुदान नाही. शिक्षकांचा पगार मुलांच्या फीमधून. हा मूळ धागा लक्षात ठेवला की बाकीचं बरंचसं उलगडतं.

शिक्षकांची गरज किती, हे काढायला फार खोलात जावं लागत नाही. एका सत्राला ६ पेपर, पेपरला आठवड्याची ४ लेक्चर्स, म्हणजे वर्गाला २४. तीन वर्षांचे तीन वर्ग, ७२. तिसऱ्या वर्षी पत्रकारिता आणि जाहिरात अशा दोन शाखा फुटल्या की त्यात आणखी भर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. लेक्चर हाच तास धरला तरी ७२ ला १६ ने भागून साडेचार शिक्षक येतात. दोन्ही शाखा चालवायच्या तर पाच ते सहा. छोट्या विभागात पूर्णवेळ माणूस असतो एक, फार तर दोन. उरलेली लेक्चर्स दहा-पंधरा व्हिजिटिंगमध्ये वाटलेली असतात.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षापासून येऊ लागली. तिच्यात पेपरांची नावं बदलली, मेजर-मायनर म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांची विभागणी आली, ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आले. त्यातला एक तपशील छोट्या विभागांनी नीट पाहायला हवा. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे अभ्यासक्रम जितका हाताने करण्याकडे झुकेल तितके शिक्षकाचे तास वाढणार आहेत. कागदावर प्रॅक्टिकल वाढवून स्टाफ तेवढाच ठेवला, तर ते ३० तास मुलं लॅबमध्ये एकटी काढतात.

आता कॉपी तपासणं म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू, कारण हे काम लेक्चरमध्ये उरकता येतं असं अनेक संस्थाचालकांना मनापासून वाटतं. पहिल्या वर्षाच्या वर्गात येते तशी एक सुरुवात घेऊ:

‘काल दि. १२ रोजी दादर येथे एका ४५ वर्षीय इसमाचा बसच्या धडकेत दुर्दैवी मृत्यू झाल्याची धक्कादायक घटना घडली असून याबाबत पोलिसांकडून अधिक तपास करण्यात येत आहे.’

व्याकरणाची चूक नाही. मुलीने रोजचा पेपर वाचला आहे हेही दिसतं, कारण हे सगळे शब्द तिने तिथूनच उचलले आहेत. तपासणाऱ्याने काय करायचं? ‘काल’ आणि तारीख दोन्ही कशाला, वार लिही. ‘दादर येथे’ म्हणजे पूर्वेला की पश्चिमेला, कुठल्या रस्त्यावर? दादरच्या वाचकाला हे पहिल्यांदा हवं असतं. ‘इसम’ हा पंचनाम्यातला शब्द, तो तिथेच राहू दे. ‘दुर्दैवी’ आणि ‘धक्कादायक’ काढ. मृत्यूची बातमी वाचकाला विशेषणाशिवाय कळते. ‘मृत्यू झाल्याची घटना घडली’ याचा अर्थ ‘मृत्यू झाला’ एवढाच. बस कुणाची, कुठून कुठे चालली होती? मृत्यू जागीच की रुग्णालयात, आणि रुग्णालयात असेल तर कुठल्या? वय ४५ हे कागदपत्रावरून की पोलिसांच्या अंदाजाने? गुन्हा कुठल्या ठाण्यात नोंदला, दादर, शिवाजी पार्क की माटुंगा? चालक ताब्यात आहे का? मृताच्या घरच्यांना कळवलं आहे का? कळवलं नसेल तर नाव छापायचं नाही. आणि ‘पोलिसांकडून तपास करण्यात येत आहे’ ही ओळ काहीच सांगत नाही. पोलीस तपासच करतात.

मग ती पुन्हा लिहिते: ‘दादर पश्चिमेला गोखले रस्त्यावर मंगळवारी रात्री खासगी बसची धडक बसून पादचाऱ्याचा मृत्यू झाला.’ पंचविसाहून अधिक शब्दांचं काम बारा-तेरा शब्दांत झालं. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे नाहीत हे तिचं तिलाच कळलं, आणि तीच खरी कमाई. बातमी लिहायला बसण्याआधी काय विचारून यायला हवं होतं, हे आता तिला ठाऊक आहे. हीच प्रश्नांची यादी फळ्यावर लिहून दिली तर साठच्या साठ मुलं वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या कॉपीत पुन्हा ‘इसम’ लिहितात. स्वतःच्या वाक्यावर खूण पडली की गोष्ट लक्षात राहते. त्याला दुसरा उपाय अजून सापडलेला नाही.

जाहिरातीच्या शाखेलाही हेच लागू आहे. एका उत्पादनासाठी २० हेडलाइन लिहायला लावल्या तर पहिल्या १२ सगळ्यांच्या सारख्याच असतात. तेराव्यापासून मूल विचार करू लागतं. कुणीतरी त्या वीसही वाचायला हव्यात.

व्हिजिटिंग प्राध्यापकाने हे वाचन करावं ही अपेक्षा सगळे तोंडी ठेवतात. त्यांचा दिवस मात्र कुणी मांडून पाहत नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करणारा उपसंपादक दुपारी तीन-चारला कामावर चढतो आणि मध्यरात्रीच्या आसपास सुटतो. त्याला फक्त सकाळ मोकळी असते. छोट्या महाविद्यालयात सकाळी वर्गखोल्या कनिष्ठ महाविद्यालयाकडे नाहीतर अनुदानित शाखांकडे असतात. सेल्फ फायनान्सच्या वाट्याला दुपार येते. म्हणजे जो चांगला शिकवू शकेल तो नेमका त्या वेळी येऊ शकत नाही. जो येतो तो दोन लेक्चर्स सलग घेतो, कारण एका लेक्चरसाठी बोरिवलीहून माटुंग्याला जाणं परवडत नाही. मस्टरवर सही, वर्ग, पुन्हा स्टेशन. साठ कॉप्यांचा गठ्ठा लोकलमधून घरी न्यायचा, रात्री एकनंतर तपासायचा आणि पुढच्या आठवड्यात परत आणायचा, हे तो एकदा करतो, जीव लावणारा असेल तर दोनदा करतो. जुलैत पाऊस लागला, गाड्या बंद पडल्या, की एक आठवडा जातो. निवडणूक लागली की बातमीदार महिनाभर दिसत नाही, आणि यात त्याचा काहीच दोष नाही, त्याचं मुख्य काम तेच आहे. गणपती, परीक्षा, फेस्ट वजा केले की कागदावरचं १५ आठवड्यांचं सत्र हातात येतं ते ११-१२ आठवड्यांचं.

मानधनाचं म्हणाल तर आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी लेक्चरला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये अशी शिफारस केली. विनाअनुदानित विभागात दर संस्था ठरवते आणि तो यापेक्षा बराच खाली असतो. तेही बिल महिन्याला निघत नाही. पेपर सेट करून दिला, अंतर्गत गुण भरले, उत्तरपत्रिका तपासल्या की सत्राच्या शेवटी, टीडीएस कापून. उत्तरपत्रिका तपासण्याचे नगावर पैसे मिळतात हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं. २०१७ मध्ये विद्यापीठाने ऑनस्क्रीन तपासणी आणली आणि निकाल महिनोन्महिने रखडले, तेव्हा तपासणी हा अख्ख्या शहराच्या बोलण्याचा विषय झाला होता. परीक्षेच्या पेपरची तपासणी हे काम आहे हे सर्वांना मान्य आहे. वर्षभराच्या सरावाची तपासणी मात्र शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडलेली आहे.

या रचनेतून एक ठरावीक बिघाड निघतो. अंतर्गत गुणांसाठी प्रत्येकाचं स्वतंत्र लेखन तपासायचं असतं. साठ जणांचं वाचायला १० तास लागतात. त्याऐवजी सहा-सहा जणांचे दहा गट केले, प्रत्येक गटाला पीपीटी करायला सांगितली, तर दहा सादरीकरणं तीन लेक्चर्समध्ये संपतात. आणि ती तीन लेक्चर्स बिलात बसतात. म्हणून मास मीडियाच्या मुलांनी तीन वर्षांत पीपीटी पन्नास केलेल्या असतात आणि बातम्या दहा लिहिलेल्या नसतात. सहांतला एक जण पीपीटी करतो, एक बोलतो, बाकीचे चौघं मागे उभे राहतात. शिक्षक हे ओळखून असतात. पण ज्या कामाचे पैसे आहेत त्याच्या चौकटीत बसणारी दुसरी वाट त्यांच्यापुढे ठेवलेलीच नाही. आता तर चॅटजीपीटीने लिहिलेली कॉपी मिनिटात मिळते. ती ओळखायची तर मुलाची नोंदवही मागावी लागते, कुणाशी बोललास ते विचारावं लागतं, पहिला खर्डा पाहावा लागतो. त्यालाही वाचणारा माणूसच लागतो.

पूर्णवेळ जी एक व्यक्ती असते ती बहुधा को-ऑर्डिनेटर. तिचं टाइमटेबल पाहिलं तर आठवड्याला १८-२० लेक्चर्स तिच्याच नावावर दिसतात, म्हणजे आयोगाच्या सोळाच्या वर. शिवाय बारा व्हिजिटिंगच्या वेळा जुळवणं, सकाळी आठला ‘आज जमणार नाही’ असा मेसेज आला की वर्ग सांभाळणं, ७५ टक्के हजेरीची डिफॉल्टर यादी, पालकांच्या भेटी, राहिलेल्या विषयांच्या परीक्षेचे, म्हणजे एटीकेटीचे, फॉर्म, अंतर्गत गुणांची ऑनलाइन नोंद, व्हिजिटिंगची बिलं, इंडस्ट्रियल व्हिजिटची परवानगी, इंटर्नशिपची पत्रं, फेस्ट, आणि महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी प्रत्येक कार्यक्रमाचे जिओटॅग फोटो आणि अहवाल. विभाग तिच्यामुळे चालतो. पण शिकवणारी व्यक्ती म्हणून तिचा उपयोग सगळ्यात कमी होतो. कारकुनी कामाला अर्धवेळ माणूस दिला तर तिचे आठवड्याचे निदान आठ तास मोकळे होतील. कुठल्याही नव्या कॅमेऱ्याआधी हा खर्च करायला हवा.

कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर तोही पाहून घेऊ. विभागात दोन कॅमेरे आणि पाच-पाच जणांचे बारा गट असतील तर प्रत्येक कॅमेऱ्यामागे सहा गट येतात. तीन मिनिटांच्या स्टोरीला चार तास चित्रीकरण आणि पाच-सहा तास एडिटिंग धरा; सगळ्यांची एक फेरी पुरी व्हायला तीन आठवडे जातात. बिघडतो तो बहुधा आवाज. कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर मुलाखत घेतली की मागची लोकल आणि रिक्षाचे हॉर्न तेवढे ऐकू येतात. लॅपल माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा, हेडफोन कानाला लावूनच रेकॉर्ड करायचं, शेवटी त्या जागेचा नुसता आवाज तीस सेकंद घ्यायचा. या तीन गोष्टी सांगायला दोन मिनिटं पुरतात, अंगवळणी पडायला कुणीतरी शेजारी उभं राहावं लागतं. एडिटिंग लॅब बहुतेकदा आयटी विभागाची उसनी असते. ८ जीबी रॅमच्या संगणकावर ४के फूटेज उघडलं की तो अडकतो. फूटेज कमी रिझोल्यूशनच्या १०८० मध्येच घ्या, एवढं आधी सांगणारं कुणी असतं तर तीन दिवस वाचले असते. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरण करायला परवानगी लागते, त्यासाठी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर अर्ज लागतो. व्हिजिटिंग प्राध्यापकाला तो देता येत नाही. मुलं मग पत्राशिवाय जातात आणि प्लॅटफॉर्मवर अडवली जातात.

शिक्षक कोण असावा, यावर दोन टोकाची मतं आहेत. एक म्हणतं, नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा झालेलाच हवा, नियम तोच आहे. दुसरं म्हणतं, ज्याने आयुष्यात बातमी दिली नाही तो पत्रकारिता काय शिकवणार. दोन्ही बाजूंनी थोडं खरं आहे. वीस वर्षं वार्तांकन केलेल्या माणसाकडे ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी असेलच असं नाही, आणि त्याला सिद्धान्ताचा पेपर दिला तर तो आठवणी सांगत बसण्याचा धोका असतो. नेट झालेल्या तरुण प्राध्यापकाला संवादाचे सिद्धान्त मुखपाठ असतात, पण पोलीस ठाण्याच्या ड्युटी ऑफिसरशी कसं बोलायचं ते त्याने कधी केलेलं नसतं. आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट काढली, ती चांगल्या हेतूने. पण तिच्या अटी छोट्या महाविद्यालयाच्या मापाच्या नाहीत. संस्थेतल्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच अशा नेमणुका, किमान १५ वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा, आणि मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, अपवाद म्हणून आणखी एक. मोठ्या नावाचा संपादक महिन्यातून एकदा व्याख्यान द्यायला येईल, या अपेक्षेवर ही योजना उभी आहे. कॉपी तपासायला संपादक कशाला हवा? आठ-दहा वर्षं डेस्कवर घालवलेला, रोज चाळीस बातम्या हाताखालून काढलेला उपसंपादक हवा, आणि तो या चौकटीत बसत नाही.

पूर्णवेळ शिक्षक ठेवला की तो शिळा होतो, हा संस्थाचालकांचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. माध्यम कायद्याचा पेपर घ्या. मानहानी म्हणजे भारतीय दंडविधान कलम ४९९ आणि ५००, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. १८६७ चा छापखाने आणि पुस्तक नोंदणीचा कायदा गेला; त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला, वृत्तपत्रांची नोंदणी करणाऱ्या आरएनआयच्या जागी प्रेस रजिस्ट्रार जनरल आले. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, त्यातून पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये रद्द झालं. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समध्ये ते अजून जिवंत असतं. शिक्षकाने नोट्स बदलल्या नाहीत तर मुलं रद्द झालेला कायदा पाठ करून नोकरीला लागतात.

पण शिळं होण्यावरचा इलाज शिक्षकाला तासावर ठेवणं हा नव्हे. तासावर येणाऱ्याकडे नोट्स बदलायला तर आणखी कमी वेळ असतो. इलाज असा: दर दोन वर्षांनी मे महिन्यात पूर्णवेळ शिक्षकाला चार आठवडे भरपगारी सोडायचं आणि त्याने एखाद्या न्यूजरूममध्ये, एजन्सीत, रेडिओ केंद्रात बसून काम करायचं. हे मुंबईइतकं सोपं दुसरीकडे कुठे आहे? ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ याच शहरात निघालं, आणि आजही खपाचे आकडे तपासणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स, टीव्हीचं प्रेक्षकमापन करणारी बार्क, जाहिरातींविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी अ‍ॅस्की, तिन्ही संस्था इथेच आहेत. एक लोकलचं तिकीट पुरतं. इतक्या जवळ असून मीडिया प्लॅनिंगचा पेपर दहा वर्षं जुन्या आकड्यांवर शिकवला जावा, याचं वाईट वाटतं.

पैसे कुठून आणायचे? हा प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही आकड्यात द्यायला हवं. समजा लेक्चरला ७०० रुपये दर आहे. ४८ लेक्चर्सचे ३३,६०० रुपये विभाग आजही देतो. तपासणीच्या तासाला निम्मा दर, ३५० रुपये, धरला तर ५० तासांचे १७,५०० होतात. साठ मुलांत भागले तर माणशी २९२ रुपये. सगळ्या पेपरांना याची गरज नाही. सत्रात लेखनाचे दोन पेपर असले तर वर्षाकाठी माणशी बाराशेच्या आत काम भागतं. फेस्टचे टी-शर्ट, ट्रॉफ्या आणि साउंड सिस्टीम यांवर विभाग जो खर्च करतात त्याच्या पंगतीत हा आकडा ठेवून पाहावा. आणि तोही परवडत नसेल तर पन्नासाचे चाळीस तास करता येतात. दर आठवड्याला वीसच कॉप्या शिक्षकाने बारकाईने तपासायच्या, उरलेल्या चाळीस मुलांनी एकमेकांच्या, ठरलेल्या यादीवरून: नाव दोनदा पडताळलं का, आकडा कुठून आला, कोण म्हणालं ते लिहिलं का, दुसऱ्या बाजूला विचारलं का. पुढच्या आठवड्यात पुढचे वीस. बारा आठवड्यांत प्रत्येकाच्या चार कॉप्या शिक्षकाच्या हाताखालून जातात. तपासलेली कॉपी आठवड्याच्या आत परत मिळालीच पाहिजे; महिन्याने मिळालेली खूण कुणी पाहत नाही, तोवर ती बातमी लिहिणाऱ्यालाही आठवत नसते.

टाइमटेबलमध्ये या कामाला स्वतःची जागा हवी. आठवड्याला चार लेक्चर्सपैकी एक लेक्चर ‘कॉपी-तास’ म्हणून लावावं. त्या वेळी वर्ग घ्यायचा नाही. शिक्षक टेबलाशी बसेल आणि मुलं एकेक करून स्वतःची कॉपी घेऊन येतील. त्याची मस्टरवर सही होईल, बिलात नोंद होईल. थिअरीचा भाग कमी होईल, होऊ दे. संवादाची पाच प्रारूपं पाठ करण्यापेक्षा एक कॉपी तीनदा लिहिणं जास्त शिकवतं, असं आमचं ठाम मत आहे.

पूर्णवेळ पदांचा प्रश्न एकेकट्या महाविद्यालयाने सोडवायचा असाही काही दंडक नाही. विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव ही एका लाइनवरची जवळजवळची स्टेशनं. तीन छोट्या महाविद्यालयांनी मिळून एक ध्वनी-चित्र-एडिटिंगचा आणि एक डेस्कचा अनुभव असलेला शिक्षक ठेवला, प्रत्येकाकडे आठवड्याचे दोन दिवस, तर त्या शिक्षकाला पूर्ण पगार मिळतो आणि महाविद्यालयाला तिसरा हिस्सा पडतो. आज तोच माणूस तीन ठिकाणी तासावर फिरतो, तिन्हीकडे परका असतो आणि सुट्टीत त्याच्या हातात काहीच येत नाही. प्रत्येक विभागात स्वतःचे किमान तीन पूर्णवेळ शिक्षक हवेत, दोन भाषा आणि लेखन सांभाळणारे, एक सिद्धान्त आणि कायदा. त्यांच्याभोवती व्हिजिटिंग मंडळींनी आपापल्या कामातलं ताजं ज्ञान आणावं. त्यांच्याकडून घ्यायचं ते हेच: एका विषयावर सहा-आठ लेक्चर्स, खूप तयारीची, चांगल्या मानधनाची. अख्खा पेपर त्यांच्या गळ्यात घालू नये.

राहता राहिलं विद्यापीठ. संलग्नतेच्या तपासणीला समिती येते तेव्हा ती पुस्तकांची संख्या पाहते, संगणक मोजते, शिक्षकांची यादी आणि त्यांच्या मान्यतेची पत्रं मागते. त्याच टेबलावर तिने आणखी एक फाइल मागावी: दर वर्गातल्या कुठल्याही दहा विद्यार्थ्यांच्या, समितीने स्वतः हजेरीपटावरून नावं काढलेल्या, या सत्रातल्या कॉप्या. जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या पालकांनीही स्टुडिओ बघायला मागण्याआधी हीच फाइल बघायला मागावी. तिच्यात प्रत्येक कॉपीचा दुसरा खर्डा पहिल्याला टाचलेला असावा, पहिल्यावर लाल पेनाच्या खुणा, दुसऱ्यावर विद्यार्थ्याने केलेले बदल, आणि खाली तपासणाऱ्याची सही व तारीख.